मी एक इंचाने वाढले, त्याची गोष्ट

मित्रांनो, टेप म्हटलं की तुम्हाला चिकटपट्टी आठवेल, नाहीतर माळ्यावर धूळ खात पडलेली गाण्यांची कॅसेट. मी त्या दोघींतली कुणीच नाही. मी अंगाचं माप घ्यायची एक जुनी टेप आहे. एका बाजूने पिवळी, दुसऱ्या बाजूने पांढरी, दोन्ही टोकांना पितळी टोप्या आणि लांबी साठ इंच. निदान माझ्या अंगावर तरी साठ असंच छापलंय. ते कितपत खरं, ते पुढे कळेलच.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी आयुष्यभर ब्रांच्या दुकानात काम केलं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. झालं? मुलग्यांनो, तुम्हीही बसा. उठून जायचं नाही. तुम्हीसुद्धा एकेकाळी भुकेने लालबुंद होऊन रडत होतात आणि कुणीतरी तुम्हाला छातीशी धरलं होतं. माझी गोष्ट त्याच जागेची आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबच लांब कापडी पट्ट्यावर गुळगुळीत लेप चढवला गेला, मग आकड्यांचा रूळ अंगावरून फिरला. काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! एक, दोन, तीन, चार, थेट साठ. शाळेचं तोंड न बघताच मला साठपर्यंत अंक पाठ झाले. मग कात्री चालली, आम्ही शेकडो बहिणी वेगळ्या झालो आणि बारा-बारा जणींच्या डब्यांत गुंडाळून बसलो. माझ्या डब्यातल्या इतर अकराजणी कुठे गेल्या, मला ठाऊक नाही. मला मापकाकूंनी घेतलं.

मापकाकू हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण सगळा रस्ता त्यांना त्याच नावाने ओळखायचा. पंधरा वर्षं त्यांनी एका शिवणकारखान्यात ब्राच शिवल्या होत्या, मग साठवलेल्या पैशांतून स्वतःचं दुकान टाकलं. दुकान अरुंद, जेमतेम दोन माणसं शेजारी उभी राहतील एवढं. एका बाजूला चाव्या बनवणारे काका, दुसऱ्या बाजूला दातांचा दवाखाना. त्यामुळे एका भिंतीतून कानस घासल्याचा आवाज यायचा आणि दुसऱ्या भिंतीतून "आ करा, अजून मोठा." आत पडद्यामागे एक स्टूल, एक उंच आरसा आणि पिशवी अडकवायला एक खुंटी. वरच्या मजल्यावर काकूंचं घर. दिवसभर काकू दुकानात असोत की घरात, मी आपली त्यांच्या गळ्यात. जेवतानासुद्धा. माझ्या तेविसाव्या इंचावर आमटीचा एक डाग आहे, तो त्याच काळातला.

त्या रस्त्यावरच्या दुसऱ्या दुकानांत नुसतं बघून माप सांगायचे. "तुम्हाला चौतीस होईल, न्या." काकूंना त्याचा भयंकर राग. त्या म्हणायच्या, "बाई म्हणजे काय कलिंगड आहे, नजरेनं पारखायला?" त्या प्रत्येकीला पडद्यामागे नेत, हात वर करायला लावत आणि मला तिच्या पाठीमागून फिरवून पुढे आणत. म्हणजे खरं सांगायचं तर मी तिला मिठी मारायची. मान खाली घालून आलेल्या शाळकरी मुलींना, कुरकुरणाऱ्या आजीबाईंना, पोटुशा बायकांना. सगळ्यांना मिठी. आहे का कुणाचं असं काम?

पोटुशा बायका तर लांबून लांबून यायच्या. फीडिंग ब्रा घ्यावी तर मापकाकूंकडूनच, अशी काकूंची ख्याती होती. आणि गंमत म्हणजे अर्ध्या बायकांना काकू आल्या पावली परत पाठवायच्या.

"कितवा महिना?"

"सहावा, काकू."

"मग घरी जा. आठव्यात ये. आत्ता घेतलीस तर बाळाच्या आधी तीच तुला लहान होईल."

आठव्या महिन्यात ती आली, की शिकवणी सुरू. "तार असलेली मागू नकोस, मी देणार नाही. नेमकी दुधाच्या जागी रुतते. सुती घे, घाम शोषला जाईल. पट्टे रुंद हवेत, नाहीतर खांद्याला चर पडतील. कपात थोडी जागा राहू दे, दूध उतरलं की भरेल. आणि आता ही क्लिप मला एका हातानं उघडून दाखव."

"एकाच हातानं?"

"मग दुसऱ्या हातातलं बाळ काय खुंटीला अडकवणार आहेस?"

पडद्याआड हशा पिकायचा. भिंतीपलीकडे तोंड उघडून बसलेले रोगीही हसत असतील, असं मला आपलं वाटायचं.

काकूंचं माझ्यावर फार प्रेम होतं. आणि मित्रांनो, इथेच सगळं बिघडलं. कसं, ते ऐका. गुंडाळून ठेवल्यावर माझ्या अंगाला वळ्या पडायच्या. सकाळी मी सरळ पडायला तयार नसायचे. काकूंना ते आवडेना. मग त्यांनी एक युक्ती काढली. दुकान बंद करताना त्या मला खिडकीजवळच्या खिळ्याला टांगायच्या आणि खालच्या टोकाला कापड कापायची मोठी लोखंडी कात्री बांधायच्या. सकाळी मी कशी, कवायतीला उभ्या राहिलेल्या मुलीसारखी ताठ! काकू माझ्यावरून हात फिरवून म्हणायच्या, "बघा माझी टेप. अकरा वर्षं झाली, एक सुरकुती नाही." मलाही मोठा अभिमान वाटायचा.

तुम्ही भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारून आपली उंची मोजता ना? रेघ वर सरकली की घरभर नाचता. मीही तशीच वाढत होते. रोजच्या त्या वजनाने, खिडकीतल्या उन्हाने, केसभर, मग आणखी केसभर. माझ्यासाठी कुणी रेघ मारली नाही. आणि टेप वाढली, की तिच्यावरचा प्रत्येक आकडा खोटा होतो. छत्तीस इंचांच्या बाईला मी पस्तीस म्हणू लागले. त्यात काकूंची एक सवय होती. आकडा विषम आला, की त्या खालचा सम आकडा द्यायच्या, कारण धुऊन धुऊन कापड सैल पडतं, असं त्या कारखान्यात शिकल्या होत्या. म्हणजे छत्तीसवालीच्या हातात चौतीस पडायची. कपात सोडलेली जागा तर मी आधीच गिळून टाकलेली असायची.

तुम्ही म्हणाल, कुणी तक्रार केली नाही? केली की. एक बस-कंडक्टर बाई होत्या, आवाज असा, की पडद्याआड बोलल्या तरी चावीवाल्या काकांना ऐकू जाईल. त्या बाळ दीड महिन्याचं असताना परत आल्या.

"काकू, ही काढली ना, की लाल वळ उठतात. श्वास घ्यायची चोरी झालीय मला."

काकूंनी मला त्यांच्याभोवती फिरवलं, नेहमीसारखा हलका झटका दिला आणि आकडा वाचला. तोच आकडा. "अगं, आता तुझं अंग भरलंय, म्हणून तसं वाटतं. टेप खोटं बोलत नाही. चार दिवसांत सवय होईल."

कंडक्टरबाई गप्प झाल्या. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण माझ्यावरच्या आकड्यापुढे गप्प झाली. मला सगळं समजत होतं, असं मी म्हणणार नाही. आपण वाढलोय हे मला तरी कुठे माहीत होतं! पण ती बाई माझ्या मिठीत अवघडली होती, एवढं मला नक्की जाणवलं होतं. बोलता आलं असतं तर बोलले असते. टेपेला फक्त आकडे बोलता येतात.

मग काकूंची लेक बाळंतपणाला आली.

काकू तिला बबडी म्हणायच्या. ही बबडी चांगली तीस वर्षांची होती आणि जमीन मोजून नकाशे काढणाऱ्या कचेरीत नोकरी करत होती. पोट पुढे काढून ती दुकानातल्या स्टुलावर बसायची आणि गिऱ्हाइकांना हसवायची. आठवा महिना लागला तसं काकूंनी दुकानाचं दार लोटलं, पडदा ओढला आणि मला गळ्यातून काढलं.

"हात वर कर, बबडे."

"आई, आता हे हात बाळाला घ्यायला तरी खाली आणू देशील ना?"

"तोंड बंद, हात वर."

मी बबडीला मिठी मारली. तिच्या पोटात बाळ हललं, तेही मला जाणवलं. काकूंनी आकडा वाचला आणि तीन ब्रा काढल्या, त्यांच्याकडच्या सगळ्यात मऊ, पांढऱ्या सुती. बबडीने एक घालून पाहिली.

"आई, घट्ट आहे गं. इथे काखेजवळ दाबतंय."

"आधार नको का? दूध उतरलं की कळेल तुला. पंधरा वर्षं शिवल्यात मी, अकरा वर्षं विकतेय."

"तुझ्यापुढे बोलायची सोयच नाही बाई."

दोघी हसल्या. मीही खूश होते. घरचं माप होतं ना!

बाळ आलं. मुलगी झाली. इवलीशी, नाक कुणाचं यावरून वरच्या मजल्यावर दोन दिवस वाद. तिसऱ्या दिवशी दूध उतरलं, आणि बबडीचा चेहरा बदलला. "आई, हे फार आवळतंय. काढून ठेवते."

"काढू नकोस. आधाराशिवाय ओघळेल सगळं. पहिल्या खेपेला असंच वाटतं."

आईवर कोण अविश्वास ठेवणार? तेही अशा आईवर, जिच्याकडे लोक लांबून येतात! बबडीने ती ब्रा अंगावरून उतरवलीच नाही. झोपतानाही नाही. नवव्या दिवशी उजव्या काखेजवळ लिंबाएवढी गाठ आली. त्यावरची कातडी लाल आणि गरम. दुसऱ्या दिवशी ती थंडीने कुडकुडू लागली, ताप चढला. बाळाला त्या बाजूला धरलं, की ती उशीचा कोपरा दातांत धरायची.

दुपारी घरी तपासायला येणाऱ्या नर्सबाई आल्या. बोलायला फटकळ, हात मात्र फार हलका. त्यांनी ब्राच्या पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं.

"दोन बोटं सहज गेली पाहिजेत. इथे एक जात नाहीये. ही दिली कोणी तुम्हाला?"

"मी दिली," काकू म्हणाल्या. मी त्यांच्या गळ्यातच होते. "माप घेऊन दिलीय. माझी मुलगी आहे ती."

"असेल. पण माप चुकलंय."

"माझं? अहो, पोरीबाळी, सुना, विहिणी, अख्खं गाव येतं माझ्याकडे!"

"अख्ख्या गावाचं मला माहीत नाही, आजी. हा वळ बघा. शिवण जिथे रुतलीय, बरोबर तिथेच गाठ आहे. आधी ही काढा, आणि हिला आजच्या आज डॉक्टरांकडे न्या. बाळाला पाजणं थांबवू नका."

काकूंना आयुष्यात पहिल्यांदा कुणी आजी म्हटलं, आणि तेही असं.

गाठीत पू झाला होता. डॉक्टरीणबाईंनी छोटी चीर देऊन तो काढला. नर्सबाई रोज येऊन पट्टी बदलायच्या, बाळाला कसं धरायचं ते दाखवायच्या, धीर द्यायच्या. बबडीने खूप प्रयत्न केला, मित्रांनो. दात-ओठ खाऊन केला. पण त्या बाजूचं दूध दिवसेंदिवस कमी होत गेलं आणि एक दिवस आटलं. डाव्या बाजूवर बाळाची भूक भागेना. संध्याकाळी ती चिमुकली मुठी आवळून रडायची, मग वाटी-चमच्याने वरचं दूध. बाळाचं वजन वाढू लागलं, सगळे म्हणाले, सुटलो. बबडी मात्र खिडकीकडे तोंड करून बसलेली असायची. एकदा तिने काकूंना विचारलं, "आई, मीच कमी पडले का गं?"

काकूंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. 

दीड महिन्याने बबडी पहिल्यांदा जिना उतरून दुकानात आली. सकाळची वेळ. काकू नुकतंच दार उघडत होत्या. मी खिळ्याला टांगलेली, खाली कात्री. बबडी माझ्याकडे बघत राहिली.

"आई, हिला वजन कशाला बांधलंयस?"

"सरळ राहावी म्हणून. रोजच बांधते."

"रोज? किती वर्षं?"

"झाली की दहा-अकरा. का गं?"

बबडी तडक वळली. वर गेली, आपल्या कचेरीच्या पिशवीतून पोलादी पट्टी घेऊन आली. मला खिळ्यावरून काढलं, टेबलावर पसरलं, टोकाला टोक जुळवलं आणि पट्टी पुढे पुढे सरकवत गेली. दहाला थोडासा फरक. वीसला जास्त. तिचं बोट छत्तिसावर थांबलं.

"एक इंच," ती म्हणाली. "छत्तिसापर्यंतच पूर्ण एक इंच वाढलीय ही."

शेजारी कानस थांबली होती. निदान मला तसं वाटलं.

"जमिनीसाठीच्या टेपासुद्धा आम्ही दर महिन्याला तपासतो, आई. नुसत्या जमिनीसाठी! आणि तू बायका मोजत होतीस."

काकू पडद्यामागच्या स्टुलावर जाऊन बसल्या. आतून त्यांचा आवाज आला, "तू सांगितलं होतंस मला. काखेजवळ दाबतंय म्हणून. मी तुझं ऐकलं नाही. हिचं ऐकलं."

बबडीने कात्री उचलली. मला वाटलं, संपलं आता. दोन तुकडे होणार. खरं सांगते, मला ते चाललं असतं. पण काकू उठून बाहेर आल्या आणि तिचा हात धरला. "तिचा काय दोष? वजन मी बांधलं."

बबडीने हात सोडवून घेतला. कात्री टेबलावर ठेवली आणि वर निघून गेली. त्यानंतर कित्येक दिवस ती आईशी कामापुरतं बोलायची. पाणी दे. बाळाला घे. एवढंच.

काकूंनी नवी टेप आणली आणि माझ्यासमोरच ती पोलादी पट्टीला लावून पाहिली. मग एका कागदावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं आणि काचेवर चिकटवलं. 'माझी टेप चुकीची होती. माझ्याकडून घेतलेली ब्रा ज्यांना आवळत असेल, त्यांनी यावं. पुन्हा माप घेईन, बदलून देईन. चूक माझी आहे.'

चावीवाले काका वाचून आत आले. "काकू, त्यापेक्षा एक चांगलं कुलूप देतो, लावा दुकानाला. इतक्या वर्षांचं नाव स्वतःच्या हातानं का घालवताय?"

"नाव माझं आहे हो," काकू म्हणाल्या. "अंग त्यांचं होतं."

बायका आल्या. काही चिडल्या, काही हसल्या, काहींनी नुसती बदलून घेतली. आता काकू आकडा वाचण्याआधी विचारायच्या, "कसं वाटतंय? कुठे दाबतंय?" आणि उत्तर येईपर्यंत थांबायच्या. हात वर करून पाहा म्हणायच्या, खाली वाकून पाहा, स्टुलावर बाळाला घेतल्यासारखी बसून पाहा म्हणायच्या. दोन बोटं घालून पाहायच्या. ती "आता बरं वाटतंय" म्हणाली, की मग आकडा.

कंडक्टरबाईही आल्या. त्यांचं बाळ आता चालत होतं. त्यांना बदलून घ्यायला काही उरलंच नव्हतं.

"मी तिसऱ्या महिन्यातच पाजणं सोडलं, काकू," त्या म्हणाल्या. इतक्या हळू, की भिंतीपलीकडे काय, पडद्यापर्यंतही आवाज गेला नसेल. "सासूबाई म्हणाल्या, काहींना नसतंच दूध. मला वाटलं, असेल. मीच तशी असेन."

काकूंनी त्यांच्यापुढे हात जोडले. कंडक्टरबाई ते हात खाली करून बाळाला उचलून गेल्या. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बबडी मुलीला घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आली आणि आईच्या शेजारी बसली. दोघी रडल्या. बबडीने आईला माफ केलं का, ते मला ठाऊक नाही. त्या दिवशी ती शेजारी बसली, एवढं मी पाहिलं.

आता मी बटणांच्या खणात असते, सैलसर गुंडाळलेली. काम नाही, कौतुक नाही. मला त्याचं फारसं दुःखही नाही. माझं दुःख वेगळं आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात टेप असेल तर तिला ओढू नका, तिला काही लटकवू नका, उन्हात ठेवू नका आणि अधूनमधून पोलादी पट्टीला लावून तपासा. कुणी "घट्ट होतंय" म्हणालं, तर आधी तिचं ऐका, आकडा मागाहून बघा. एवढं कराल ना?

आणि एक शेवटची विनंती आहे. काचेवरचा तो कागद सहा महिने होता. परत आलेल्या बायका एकोणीस. मी मिठी मारलेल्या पोटुशा बायका शेकड्यांनी. काही गाव सोडून गेल्या असतील, काहींनी कागद वाचलाच नसेल. त्यांतली एखादी आजही कुणाला तरी सांगत असेल, "मला दूधच कमी होतं गं, माझ्यातच काहीतरी कमी होतं." ती तुमची आई असू शकेल, मावशी असू शकेल. मला खणातून बाहेर पडता येत नाही. तुम्ही तिच्याजवळ जा आणि तिला सांगा, कदाचित तुझ्यात काहीच कमी नव्हतं. कदाचित माप चुकलं होतं.